स्वामींची पत्रं सापडतात, आजच्या महाराजांचा सल्ला कुठं शोधायचा?

साताऱ्यात बसून राजा आणि गुरू या विषयावर बोलायचं म्हटलं की लोक लगेच सज्जनगडाकडं बघतात. रामदास स्वामी शिवाजी महाराजांचे गुरू होते की नव्हते, भेट कधी झाली, सनदेत काय लिहिलंय, ह्या वादात पिढ्या गेल्या आणि अजून चाललंच आहे. मला आज त्यात शिरायचं नाही, कारण तिथं ज्याचं त्याचं मत आधीच ठरलेलं असतं आणि कागद नंतर शोधले जातात. पण साताऱ्याजवळच धावडशी म्हणून गाव आहे, तिथं ब्रह्मेंद्र स्वामींची समाधी आहे, भार्गवरामाचं देऊळ आहे, आणि ह्या स्वामींबद्दल बोलायला मात्र कागद भरपूर आहेत, नुसत्या आख्यायिका नाहीत तर पत्रं आहेत, त्यांनी लिहिलेली आणि त्यांना आलेली. शाहू छत्रपती, बाजीराव, चिमाजी अप्पा, आंग्रे, बायका, पुरुष, सरदार, सगळ्यांचा ह्या एका माणसाशी पत्रव्यवहार. अठराव्या शतकातल्या साताऱ्याच्या गादीवर एका संन्याशाचं वजन किती होतं ते ह्या पत्रांत दिसतं.

मला हा विषय आत्ता का सुचला तर आजूबाजूला जे चाललंय त्याच्यामुळं. उमेदवारी अर्ज कोणत्या दिवशी किती वाजता भरायचा इथपासून ते कोणतं काम कोणत्या गावात आधी घ्यायचं इथपर्यंत कुठल्या तरी महाराजांचा शब्द चालतो, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीच उघड बोलत नाही. बोललं की लगेच तू देव मानत नाहीस का असा प्रश्न येतो. मी मानतो. आमच्या घरात वारी आहे, माळ आहे, एकादशी आहे, आणि म्हणूनच मला हे बोलायचा हक्क आहे असं मी समजतो. धर्मातल्या माणसानं राज्यकर्त्याला सल्ला देऊ नये असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सार्वजनिक कामाबद्दल दिलेला सल्ला लपून राहता कामा नये, तो नावासकट कागदावर आला पाहिजे, आणि तो चुकला तर देणाऱ्याला विचारता आलं पाहिजे. धावडशीच्या स्वामींना आपण आज बरं-वाईट म्हणू शकतो ते त्यांचे कागद राहिले म्हणून.

आता स्वामी कोण होते ते थोडक्यात सांगतो. परंपरा सांगते की जन्म 1649 चा, वऱ्हाडाकडचे, मूळ नाव विष्णू. काशीला संन्यास, मग फिरत फिरत कोकणात चिपळूणजवळ परशुरामाच्या डोंगरावर मुक्काम. तिथं तप केलं, श्रावण महिनाभर समाधी लावून बसायचे, लोकांची श्रद्धा बसली. कान्होजी आंग्रे भक्त. गंमत म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या राज्यातसुद्धा त्यांना मान होता, देवस्थानाला तिकडूनही मदत होत होती. बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे, त्यांची स्वामींवर श्रद्धा तेव्हापासूनची असं सांगतात. पुढं बाळाजी पेशवे झाले, त्यांच्यानंतर 1720 ला बाजीराव झाले, आणि स्वामींचं वजन थेट छत्रपतींच्या वाड्यापर्यंत गेलं.

1727 ला एक प्रकरण झालं. सिद्दी सात म्हणून अंजनवेल-गोवळकोटचा अंमलदार होता. सावनूरच्या नवाबाकडून त्याच्यासाठी एक हत्ती यायचा होता आणि स्वामी त्या बाजूला गेले होते म्हणून ते काम त्यांच्यावर आलं. हत्ती वाटेत आंग्र्यांच्या माणसांनी अडवून ठेवला. सिद्दी सातला वाटलं हे सगळं स्वामी आणि आंग्रे यांचं आधीच ठरलेलं आहे, आणि त्यानं परशुरामाच्या देवस्थानावर हल्ला केला, देऊळ लुटलं, तिथल्या ब्राह्मणांचे हाल केले. स्वामी म्हातारे झालेले, आयुष्यभर जमवलेलं ते ठिकाण एका दिवसात उद्ध्वस्त झालं. ते कोकण सोडून घाटावर आले आणि धावडशीला राहिले, गाव त्यांना इनाम मिळालं.

इथून पुढं स्वामींनी काय केलं हे बघण्यासारखं आहे. त्यांनी सिद्दीचा सूड घ्या म्हणून पत्रामागून पत्रं लिहिली. शाहूंना, बाजीरावांना, आंग्र्यांना. 1733 ला जंजिऱ्याची मोहीम निघाली, बाजीराव स्वतः कोकणात उतरले, शाहूंच्या प्रतिनिधींनी सिद्दीकडून रायगड परत घेतला, पण जंजिरा काही पडला नाही आणि शेवटी तह करावा लागला. मग 1736 च्या एप्रिलात चिमाजी अप्पांनी रेवसच्या बाजूला सिद्दी सातला गाठलं आणि लढाईत तो मारला गेला. साताऱ्यात आनंद झाला, आणि स्वामींना किती झाला असेल ते सांगायला नको.

आता प्रश्न असा आहे की ही मोहीम राज्याची होती का स्वामींची. माझं प्रामाणिक मत असं की दोन्ही होती. सिद्दी हा शिवाजी महाराजांच्या काळापासून मराठ्यांच्या डोळ्यात सलणारा काटा, रायगडासारखा गड त्याच्या हातात गेलेला, कोकणातल्या रयतेला त्याचा त्रास, त्यामुळं स्वामी नसते तरी कधी ना कधी ही लढाई झालीच असती. पण कधी करायची, किती जोर लावायचा, त्याच वेळी दुसरीकडं निजाम आणि माळवा-बुंदेलखंड असताना बाजीरावासारखा माणूस कोकणात किती दिवस अडकवून ठेवायचा, ह्या हिशोबात एका माणसाचं वैयक्तिक दुःख मिसळलं गेलं होतं. ते दुःख खोटं नव्हतं. देऊळ लुटलेलं, ब्राह्मणांचे हाल झालेले, त्या माणसाला राग येणारच. पण राज्याच्या फौजा कुठं पाठवायच्या हे ठरवताना रागावलेल्या माणसाचं ऐकायचं किती, आणि तो राग देवाच्या नावानं बोलत असेल तर त्याला नाही म्हणायचं कोणी? शाहू छत्रपती नाही म्हणू शकले असते का? कदाचित. पण गुरूला नाही म्हणणं आणि सचिवाला नाही म्हणणं ह्यात फरक आहे हे ज्याला गुरू आहे त्याला बरोबर कळतं.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि माझ्या मते ही जास्त महत्त्वाची. स्वामी लंगोटी लावणारे, स्वतःला काही नको असणारे, तरी त्यांच्याकडं पैसा होता. भिक्षेचा, इनामाचा, भक्तांनी दिलेला. आणि तो पैसा ते कर्जाऊ देत. बाजीराव पेशव्यांनी त्यांच्याकडून कर्ज घेतलं. बाजीरावांच्या मोहिमा मोठ्या, शिलेदारांचे पगार थकलेले, सावकार दारात, आणि ह्या पेशव्यानं धावडशीला लिहिलेल्या पत्रात आपण कर्जाच्या नरकात पडलोय आणि सावकारांच्या, शिलेदारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी गेली अशा अर्थाचं लिहिलंय. ज्या बाजीरावाला आपण आयुष्यात एकही लढाई न हरलेला म्हणतो तो बाजीराव. मला हे पत्र कळल्यापासून त्यांच्याबद्दल आदर कमी नाही, उलट वाढला, पण गुरू-शिष्य नात्याबद्दलचं माझं मत कायमचं बदललं. कारण ज्याला आपण पैसे देणं लागतो त्याचा सल्ला हा नुसता सल्ला राहत नाही. तो आशीर्वाद देतो तेव्हाही त्याच्या हातात खातेवही असते. स्वामी वाईट होते असं मी म्हणत नाही. त्यांनी तो पैसा स्वतःवर उडवला नाही, देवळं बांधली, विहिरी, तळी, पायऱ्या, घाट केले. पण स्वतःसाठी काही न मागणारा माणूससुद्धा देवासाठी, संस्थानासाठी, संप्रदायासाठी खूप काही मागू शकतो, आणि तेव्हा त्याला आवरणं जास्त अवघड जातं, कारण त्याला स्वतःला आपण मागतोय असं वाटतच नाही.

हे सगळं आज आपल्याला माहीत कसं? साताऱ्याच्याच दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी 1900 साली स्वामींचं चरित्र पत्रांसकट छापलं म्हणून. त्यात स्वामींबद्दल भक्तिभाव आहे. आणि मग इतिहासाचार्य राजवाड्यांनी तीच आणि आणखी पत्रं घेऊन स्वामींवर कडक टीका केली, राजकारणात एवढं लक्ष घालणारा हा संन्यासी कसला असा त्यांचा सूर. एकाच माणसाबद्दल दोन टोकाची मतं आणि दोघांच्या हातात कागद तेच. मी त्यात साधारण मधे उभा आहे, राजवाडे जरा जास्तच झोडपतात असं मला वाटतं. पण हा वाद होऊ शकला, शंभर-सव्वाशे वर्षं होतोय, हीच मला मोठी गोष्ट वाटते. पुरावा असल्याशिवाय वाद सुद्धा नीट घालता येत नाही, नुसती भांडणं होतात.

आता ह्याच्या शेजारी साताऱ्याचाच दुसरा माणूस ठेवतो. रामशास्त्री प्रभुणे, माहुलीचे, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचे. हे संन्यासी नव्हते, मठाधिपती नव्हते, पण धर्मशास्त्र कोळून प्यालेले होते आणि पेशव्यांचे न्यायाधीश होते. नारायणराव पेशव्यांचा 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात खून झाला आणि शास्त्रीबुवांनी राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण मला त्यांची दुसरी हकिकत जास्त आवडते. थोरले माधवराव वयानं लहान होते तेव्हा जपजाप्य, ध्यान ह्यात फार रमायला लागले, कामं खोळंबायला लागली. शास्त्रीबुवा कामासाठी गेले तर पेशवे जपात. ते परत आले, आणि दुसऱ्या दिवशी काशीला जायची रजा मागितली. माधवरावांनी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की तुम्हाला ब्राह्मणाचा धर्म पाळायचा असेल तर चला, दोघंही गादी सोडून गंगेकाठी जाऊन बसू, पण राज्य करायचं असेल तर रयतेचं काम हाच तुमचा धर्म, ते टाकून जप करता येणार नाही. माधवरावांनी ऐकलं.

हा धर्म जाणणाऱ्या माणसाचा राज्यकर्त्याला दिलेला सल्ला आहे, आणि असा सल्ला मला हवाच आहे. त्यात शास्त्रीबुवांना काही मिळणार नव्हतं, उलट नोकरी जायची वेळ होती. आणि नंतर राघोबादादांच्या वेळी ती सोडलीच त्यांनी, पुणं सोडून वाईजवळ खेड्यात जाऊन राहिले. ज्याला जागा सोडून उठून जाता येतं तोच खरं बोलू शकतो. ज्याचा मठ, ज्याची संस्था, ज्याचं इनाम राजाच्या मर्जीवर आहे किंवा राजाचं कर्ज ज्याच्या खात्यात आहे, तो उठून कुठं जाणार?

हे फक्त आपल्याकडचंच आहे असं नाही. फ्रान्समध्ये तेराव्या लुईचा मुख्य मंत्री 1624 पासून कार्डिनल रिशल्यू होता, आणि त्याच्यामागं फादर जोसेफ म्हणून कपुचिन पंथाचा एक ख्रिस्ती साधू होता, अनवाणी चालणारा, अंगावर जाडाभरडा कपडा, उपास करणारा. हा माणूस मनानं इतका धार्मिक की तुर्कांविरुद्ध धर्मयुद्ध उभं करायची स्वप्नं बघायचा. आणि प्रत्यक्षात त्यानं काय केलं तर जर्मनीकडच्या कॅथलिक सम्राटाला अडवायचं म्हणून प्रोटेस्टंट स्वीडनशी हातमिळवणी करणाऱ्या राजकारणात आयुष्य घालवलं, ज्या युद्धात अर्धी जर्मनी भाजून निघाली ते तीस वर्षांचं युद्ध लांबवण्यात त्याचा हात होता. साधू दरबारात गेला म्हणजे दरबार सुधारतो असं आपण समजतो. बऱ्याचदा होतं उलट, दरबार तसाच राहतो आणि साधूलाच आपण देवाचं काम करतोय असं वाटत राहतं.

इंग्लंडात थॉमस बेकेट होता, दुसऱ्या हेन्रीचा लाडका चान्सलर, राजाच्या शब्दाबाहेर नाही, चर्चकडूनसुद्धा राजासाठी पैसा काढणारा. 1162 ला राजानं मोठ्या विश्वासानं त्यालाच कँटरबरीचा आर्चबिशप केलं, आपलाच माणूस दोन्हीकडं असला की बरं म्हणून. आर्चबिशप झाल्यावर त्यानं चान्सलरपद सोडलं आणि राजाशीच भांडण मांडलं, आणि 29 डिसेंबर 1170 ला राजाच्या सरदारांनी त्याला त्याच्याच चर्चमध्ये मारलं. कोण बरोबर कोण चूक ह्यावर तिकडं आठशे वर्षं चर्चा चालू आहे. मी त्यातनं घेतो ते एवढंच की राजाचा खास माणूस आणि राजाला टोकणारा धर्माचा माणूस ही दोन कामं एका अंगात राहत नाहीत, बेकेटला ते कळलं आणि त्यानं एक सोडलं. आपल्याकडं कोणी सोडत नाही. रशियाच्या रासपुतिनबद्दल लिहायची गरज नाही, ते उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, फक्त एवढं लक्षात ठेवा की तो कुठल्या पदावर नव्हता, त्यामुळं त्याला काढायचंच कसं हाच प्रश्न होता, आणि शेवटी 1916 ला दरबारातल्याच काही उमरावांनी त्याला मारला.

तर आता आजच्या दिवसात येतो. राजे गेले, गादी गेली, आता आपण मतं देतो. स्वामी पैसे द्यायचे, आजचे महाराज भक्तांची मतं देतात. गुरुवारी किंवा पौर्णिमेला ज्या आश्रमात हजारो लोक जमतात तिथं नेत्यानं पुढं बसून आरती करणं ही नुसती श्रद्धा नसते, आणि महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवणं हा नुसता आशीर्वाद नसतो, हे दोघांनाही माहीत असतं, मागं बसलेल्यांनाही माहीत असतं. मग आश्रमाला रस्ता होतो, सभामंडप होतो, जागा मिळते. हे सगळं काही बेकायदेशीर आहे असं नाही. पण ह्या देण्याघेण्यात जेव्हा बदली, टेंडर, पाण्याची लाईन, शाळेची जागा अशा गोष्टींवर महाराजांचा शब्द यायला लागतो तेव्हा मला भीती वाटते, कारण तो शब्द कुठंच दिसत नाही.

एक प्रसंग सांगतो. माण तालुक्यातलं एक गाव, नाव घेत नाही, माझी सासुरवाडी, नातीगोती सगळी त्या भागात गुंतलेली आहेत. उन्हाळ्यात टँकरशिवाय भागत नाही. पंचायतीनं बोअर घ्यायचं ठरवलं. भूजलवाल्यांनी येऊन सर्व्हे केला आणि ओढ्याच्या अंगाला पॉइंट दिला. मग सरपंचांचे महाराज आले. पांढरी गाडी, मागं दोन-तीन गाड्या, चपला गाडीतच काढून ठेवलेल्या. हाताच्या तळव्यावर नारळ आडवा ठेवून त्यांनी गायरानातून चक्कर मारली, सगळं गाव मागं मागं, आणि एका ठिकाणी नारळ उभा राहिला. तिथं चुन्यानं खूण केली, कुंकू टाकलं, पाच नारळ फुटले. भूजलचा कागद फाईलला लागून राहिला आणि बोअर गायरानात घेतलं. साडेचारशे फुटापर्यंत गाडी चालली आणि वर आली ती नुसती पांढरी धूळ, बघायला आलेल्या पोरांचे केस, भुवया सगळं पांढरं झालं, पाणी नाही.

पुढच्या ग्रामसभेत एक म्हातारी बाई उठली, आक्का म्हणतात सगळे तिला. ती म्हणाली, “सरपंच, म्हाराजांनी दावलं तितं बोअर पाडलं न्हवं? मग त्यास्नी बोलवा की हितं, इचारूया आपुन.” सरपंच म्हणाले, “आक्का, महाराजांचं नाव घेऊ नका, ग्रामपंचायतीनं ठरवलंय ते.” आणि खरंच, प्रोसिडिंग बुक काढलं तर त्यात लिहिलं होतं, सर्वानुमते ठरले की गायरानातील जागेत बोअर घेण्यात यावी. महाराजांचं नाव नाही, नारळ नाही, भूजलचा पॉइंट का सोडला त्याचं एका ओळीचं कारण नाही. कागदावर सगळं गाव दोषी आणि ज्याच्या शब्दावर झालं तो माणूस त्या गावात कधी आलाच नव्हता. आक्का खाली बसली. त्या उन्हाळ्यातही टँकरच आला.

मला त्या महाराजांचा राग नाही आला तेवढा त्या रजिस्टरचा आला. समजा त्यात लिहिलं असतं की अमुक महाराजांच्या सांगण्यावरून भूजल विभागाचा अहवाल बाजूला ठेवून ही जागा निवडली, खाली सह्या. तर काय झालं असतं? मला वाटतं निम्म्या लोकांनी सही केली नसती. गटविकास अधिकाऱ्यांनी विचारलं असतं हे काय आहे. आणि महाराजांनी स्वतःच सांगितलं असतं की माझं नाव कशाला घालता, भूजलवाले सांगतात तिथं घ्या. हा माझा मुख्य मुद्दा आहे. नाव लिहायला लागलं की सल्ला देणाराही दोनदा विचार करतो आणि घेणाराही.

ह्यावर लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. पहिलं म्हणजे, इंजिनिअर चुकत नाहीत का, कलेक्टर चुकत नाहीत का, धरणं फुटलीत, रस्ते उखडलेत. चुकतात, भरपूर चुकतात. पण त्याची सही असते. 2005 चा माहितीचा अधिकार आला तेव्हापासून साधा माणूससुद्धा दहा रुपयांचा अर्ज करून फाईलवर कोणी काय शेरा मारला ते बघू शकतो. मिळायला उशीर होतो, टोलवाटोलवी होते, सगळं मान्य, तरी वाट आहे. कुणाच्या आश्रमात बंद खोलीत काय ठरलं त्यासाठी कुठला फॉर्म भरायचा?

दुसरं म्हणजे, हा वैयक्तिक श्रद्धेचा प्रश्न आहे, घटनेनं प्रत्येकाला धर्माचं स्वातंत्र्य दिलंय. दिलंय, कलम 25, आणि ते मला माझ्या जिवापेक्षा जास्त आहे. आमदारानं घर कुठल्या दिशेला बांधायचं, पोराचं लग्न कुठल्या मुहूर्तावर करायचं, कुणाच्या पाया पडायचं, हा पूर्ण त्याचा प्रश्न, मी एक शब्द बोलणार नाही. पण गायरान त्याचं घर नाही. बोअरचे पैसे त्याच्या खिशातले नाहीत. जिथं माझा पैसा आणि आक्काची घागर आली तिथं ती वैयक्तिक श्रद्धा राहत नाही.

तिसरं जरा अवघड आहे आणि ते मी हलक्यात घेत नाही. काही लोक मनापासून म्हणतात की सत्तेत बसलेल्या माणसाला कोणाचा तरी धाक पाहिजे, निवडणूक पाच वर्षांनी येते, कोर्टाला वर्षं लागतात, निदान गुरूच्या डोळ्याला डोळा देताना तरी तो घाबरेल. हे मी काही घरांत खरं होताना बघितलंय, गुरूनं दारू सोडवली, भावाभावांचा जमिनीचा वाद मिटवला. पण असा धाक घालणारे गुरू नेत्याच्या गाडीत बसत नाहीत. गाडगेबाबा बघा. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, रात्री उघड्यावर कीर्तन, आणि मोठमोठे पुढारी त्यांच्यासमोर जमिनीवर बसायचे. त्यांनी जे सांगितलं ते हजार माणसांसमोर सांगितलं, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शिकवा, बकरं कापू नका. धर्मशाळा बांधल्या पण मालकी ठेवली नाही आणि आपला कोणी शिष्य नाही असंच सांगत राहिले. आपल्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडच्या कॉलेजला त्यांचं नाव दिलं ते उगाच नाही. हा माणूस राज्यकर्त्यांना सल्ला देत नव्हता असं कोण म्हणेल? पण तो सगळ्यांच्या कानावर पडून मग पुढाऱ्याच्या कानावर पडायचा.

आणि सातारा-सांगलीच्या मातीला हे काही नवीन नाही, आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, सत्यशोधक चळवळीत तयार झालेले, 1942 नंतर त्यांच्या नावानं प्रतिसरकार चाललं तेव्हा गावोगाव न्यायनिवाडे उघड्यावर, लोकांसमोर व्हायचे, कमी खर्चातली लग्नं लावली जायची. ते लोक काही नास्तिक नव्हते, घरात देव्हारे होते. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच, त्यांनी आयुष्य घालवलं त्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी, 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर तो कायदा आला. पण तो कायदा फसवणुकीला, अघोरी प्रकारांना हात घालतो. महाराजांनी सरपंचाला जागा सुचवणं हा त्यात गुन्हा नाही, आणि तो गुन्हा असावा असं माझंही म्हणणं नाही. सल्ला देण्याला बंदी घालायला लागलो तर उद्या रामशास्त्रींनाही बंदी होईल.

म्हणून मी मागतोय ते साधं आहे. ग्रामपंचायत असो, जिल्हा परिषद असो की मंत्रालय, तज्ज्ञाचा अहवाल बाजूला ठेवून निर्णय झाला तर का ठेवला आणि कोणाच्या सांगण्यावरून ठेवला हे त्याच ठरावात लिहायचं. निवडून आलेला माणूस ज्या संस्थेच्या प्रमुखाचा सल्ला घेतो त्या संस्थेला सरकारी जागा, निधी, रस्ता काही मिळालं असेल तर तेही लोकांसमोर यायला पाहिजे, जसं बाजीरावांचं कर्ज पत्रांत आलं. आणि महाराजांना काही सांगायचंच असेल तर त्यांनी ग्रामसभेला यावं. गावोगाव आमचे कीर्तनकार तीन-तीन तास उभे राहून बोलतात, त्यांना माईकची भीती नाही. 1 मे ला ग्रामसभा असते, 15 ऑगस्टला असते, गावातला कोणीही मतदार उठून बोलू शकतो. महाराजांनी सतरंजीवर बसावं, भूजलचा माणूस शेजारी बसावा, दोघांनी आपापला पॉइंट सांगावा, का तोच तेही सांगावं, ग्रामसेवकानं दोघांचीही नावं लिहावीत आणि मग गावानं हात वर करावेत. गावानं महाराजांचं ऐकलं तरी माझी हरकत नाही, मी त्या ठरावाखाली माझा विरोध नोंदवून सही करीन. पुढच्या ग्रामसभेत आक्का उठली तर तिला नाव घेऊन विचारता येईल.